घराचा हप्ता, देहाचा हप्ता

रक्तदाब वाढण्याची कारणे विचारली तर कोणताही डॉक्टर मीठ, वजन, अपुरी झोप, आनुवंशिकता अशी यादी सांगेल. गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यातल्या या यादीत एका नव्या कारणाची भर पडली आहे. ज्यांची मुले परदेशी स्थिरावली आहेत अशा साठी-सत्तरीच्या जोडप्यांचा रक्तदाब अचानक चढतो. गोळ्या त्याच, आहार तोच, सकाळचे फिरणेही तेच. मग थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, की खरे कारण बाहेर येते. "डॉक्टर, मुलगा मेलबर्नला घर घेतो आहे. इथला फ्लॅट विकून त्याला हातभार लावावा का, असा आमचा विचार चालला आहे. रात्री दोनला जाग येते, ती पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही."

मालमत्तेविषयी सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु घर जितके सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असते तितकेच ते त्यात राहणाऱ्यांच्या शरीरावरही नोंदलेले असते. घरातली थंडी छातीत उतरते, कामावर जाण्याचे अंतर कमरेत उतरते आणि कर्जाचा हप्ता झोपेत उतरतो. या नोंदी वाचणे हे मात्र आम्हा डॉक्टरांचे काम आहे. म्हणून आज एखाद्या व्यक्तीऐवजी एका उपनगराची प्रकृती तपासू या. या उपनगराचे नाव ग्लेन वेव्हर्ली. माझ्या भाचीचे बिऱ्हाड तिथे आहे आणि एका हिवाळ्यात सात आठवडे मी तिच्याकडे राहून आले आहे.

मेलबर्नची रचना कांद्याच्या पापुद्र्यांसारखी आहे. मध्यभागी कार्यालयांचे उंच मनोरे, त्याभोवती जुनी, एकमेकांना चिकटलेली घरे, त्यापलीकडे दुसऱ्या महायुद्धानंतर वसलेली ऐसपैस अंगणांची उपनगरे आणि सर्वांत बाहेर कालपरवा आखलेल्या वसाहती. ग्लेन वेव्हर्ली या तिसऱ्या पापुद्र्यात, शहराच्या मध्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. पूर्वी हा फळबागांचा आणि भाजीपाल्याच्या मळ्यांचा प्रदेश होता. १९३० मध्ये इथवर रेल्वे आली आणि महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत बागांच्या जागी विटांची बैठी घरे उभी राहिली. पुढे अंगणात हिरवळ, मागे प्रशस्त परसदार आणि एका बाजूला मोटारीसाठी छप्पर, असे त्या घरांचे साधारण रूप.

आज इथे चाळीस हजारांहून अधिक लोक राहतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांचा जन्म ऑस्ट्रेलियाबाहेर झालेला आहे. चीन, मलेशिया, श्रीलंका, भारत, हाँगकाँग अशा अनेक ठिकाणांहून ही कुटुंबे आली आहेत. घरात इंग्रजीखालोखाल ऐकू येणारी भाषा मँडरिन. स्टेशनाशेजारच्या किंग्जवे या रस्त्यावर संध्याकाळी निघावे, तर एका दारातून लसणाच्या फोडणीचा, दुसऱ्यातून भाजलेल्या बदकाचा आणि तिसऱ्यातून डोशाचा वास येतो. 'द ग्लेन' या मोठ्या बाजार संकुलात सकाळी दुकाने उघडण्यापूर्वीच वृद्ध मंडळी फेऱ्या मारताना दिसतात. साडीवर स्वेटर आणि पायांत पळण्याचे बूट घातलेल्या आजीबाई आणि हात मागे बांधून चालणारे चिनी आजोबा एकमेकांना मान लववून पुढे जातात. भाषा एकही समान नाही, पण रोजच्या वेळा समान आहेत, त्यामुळे ओळख झालेली आहे.

अशा जागी राहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण आहे ती किमतीची. इथल्या स्वतंत्र घराची मध्यम किंमत पंधरा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेलेली आहे. म्हणजे आपल्या हिशेबाने आठ कोटी रुपयांहून अधिक. विशेष असे, की ही किंमत पुष्कळदा घराची नसतेच. पन्नास वर्षांपूर्वीचे बैठे घर विकत घेऊन ते पाडायचे आणि तिथे दुमजली वास्तू उभारायची, असे सर्रास चालते. किंमत असते जमिनीची आणि तिच्यावर पडलेल्या एका अदृश्य रेषेची.

ही रेषा शाळेची आहे. ग्लेन वेव्हर्ली सेकंडरी कॉलेज ही इथली सरकारी माध्यमिक शाळा. तिचा लौकिक मोठा आहे. तिथल्या पद्धतीनुसार सरकारी शाळेला आपले क्षेत्र नेमून दिलेले असते आणि त्या क्षेत्रात राहणाऱ्या मुलांचा प्रवेशावर पहिला हक्क असतो. रस्त्याच्या या बाजूचे घर क्षेत्रात, समोरचे क्षेत्राबाहेर, एवढ्यानेही किंमत बदलते. घराच्या जाहिरातीत शयनगृहांच्या संख्येइतक्याच ठळकपणे शाळेचे नाव छापलेले असते. आपल्याकडे दहावी-बारावीच्या शिकवण्यांवर पैसा जातो, तिथे तोच पैसा जमिनीत जातो. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारी चिनी आणि भारतीय कुटुंबे शेजारी शेजारी का राहतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या रेषेत आहे.

घराची विक्री बहुधा शनिवारी, घरासमोर, भर रस्त्यात लिलावाने होते. मी असा एक लिलाव पाहिला. लिलाव पुकारणारा सूट घालून पदपथावर उभा होता. समोर पन्नासेक माणसे होती. कोणाच्या हाती कॉफीचा पेला, कोणाच्या हाती बाळाची ढकलगाडी. त्यांतली पाच-सहाच खरी गिऱ्हाइके, बाकी शेजारीपाजारी आपल्या घराची किंमत अजमावायला आलेले. बोली आधी पन्नास-पन्नास हजारांनी, मग दहा हजारांनी आणि अखेरीस हजार-हजार डॉलरने चढत गेली. मालकाने मनाशी ठरवलेला किमान आकडा ओलांडला, की घर खऱ्या अर्थाने विक्रीस निघाल्याचे जाहीर होते आणि गर्दीत एकदम शांतता पसरते. माझ्या शेजारी एक तरुण दांपत्य उभे होते. पती बोली लावत होता आणि पत्नीने त्याच्या कोटाची बाही मुठीत धरली होती. वीस मिनिटांत सारे संपले. घर दुसऱ्यालाच गेले. त्या तरुणाच्या कपाळावर, आठ अंश तापमानात, घाम होता.

व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्याने खाजगी वाटाघाटीतून घर घेणाऱ्यास करारानंतर कामकाजाचे तीन दिवस विचार बदलण्याची मुभा असते. लिलावात ही मुभा नाही. हातोडा पडला की सही करायची आणि बहुधा दहा टक्के रक्कम त्याच दिवशी भरायची. आयुष्यातला सर्वांत मोठा आर्थिक निर्णय, हृदयाचे ठोके शंभरावर गेले असताना, वीस मिनिटांत घेतला जातो. अशा क्षणी शरीरात अॅड्रेनलिन उसळलेले असते. ते पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी उपयोगी आहे, आकडेमोडीसाठी नव्हे. म्हणून लिलावास जाण्यापूर्वी कमाल आकडा कागदावर लिहून तो बोली न लावणाऱ्या माणसाच्या खिशात ठेवावा, असे तिथले जाणते लोक सांगतात. वैद्यकीय दृष्टीनेही हा सल्ला मला अचूक वाटतो.

आता हप्त्याकडे वळू. पंधरा लाखांच्या घरासाठी वीस टक्के स्वतःचे, म्हणजे तीन लाख डॉलर, आणि साडेपाच टक्क्यांनी ८२,५०० डॉलर मुद्रांक शुल्क. उरलेल्या बारा लाखांचे कर्ज तीस वर्षांसाठी घेतले तर सहा टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता सुमारे ७,२०० डॉलर होतो. हेच व्याज तीन टक्के असेल तर हप्ता ५,०६० च्या आसपास. तीन आणि सहा ही उदाहरणे मी उगाच घेतलेली नाहीत. तिथली बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजदराची असतात. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा मूळ दर नोव्हेंबर २०२० मध्ये ०.१० टक्क्यावर आला होता. मे २०२२ पासून तो तेरा वेळा वाढवण्यात आला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ४.३५ टक्क्यांवर पोहोचला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो प्रथमच किंचित उतरला. स्वस्त कर्जाच्या दिवसांत ज्यांनी घरे घेतली, त्यांचा हप्ता दीड वर्षात असा फुगत गेला. पगार मात्र तसा फुगला नाही.

या दोन हजार डॉलरच्या फरकाचे शरीरात काय होते, ते पाहा. पती शनिवारीही काम घेतो. पत्नी बाळंतपणाची रजा आवरती घेऊन कामावर रुजू होते. जिममधले सदस्यत्व रद्द होते आणि दाताचे दुखणे पुढे ढकलले जाते, कारण प्रौढांच्या दंतोपचारांचा खर्च तिथल्या सरकारी मेडिकेअर योजनेत सहसा बसत नाही. रात्रीचे जेवण साडेनऊला, झोप बाराला, उठणे साडेपाचला. प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप हवी. ती महिनोन् महिने अपुरी पडली, की भूक वाढते, पोटाचा घेर वाढतो, साखर आणि रक्तदाब दोन्ही सरकू लागतात. आपल्या दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांत मधुमेह कमी वयात आणि तुलनेने कमी वजनावरही गाठतो. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठी धोक्याची रेषा आहे. शाळेच्या रेषेइतकेच लक्ष या रेषेकडेही दिले पाहिजे.

मग दूर जाऊन स्वस्त घर घ्यावे काय? मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटसारख्या नव्या वसाहतींत निम्म्याहून कमी किमतीत नवे घर मिळते आणि कितीतरी भारतीय कुटुंबे तिथे आनंदाने नांदत आहेत. हप्ता हलका होतो, हे खरे. पण ज्याचे काम शहराच्या पूर्व भागात आहे, त्याचा दिवसाचा दीड-दोन तास मोटारीच्या आसनात जातो. एकाची झोप हप्त्याने कमी होते, दुसऱ्याची रस्त्याने. कोणत्या कुटुंबाला कोणता भार पेलेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन्ही भार मोजावेत मात्र एकाच तराजूत, आणि तो तराजू आठवड्याच्या तासांचा असावा.

आता खुद्द घराविषयी. मेलबर्नमध्ये जुलैच्या पहाटे तापमान सहा-सात अंशांपर्यंत उतरते. आकडा फार भयंकर नाही. नाशिककरांना तो परिचयाचा वाटेल. फरक असा, की नाशिकला दुपारी ऊन घरात येऊन बसते, मेलबर्नला तसे होईलच असे नाही. त्यातच इथली जुनी घरे थंडीसाठी बांधलेलीच नाहीत. बाहेरून विटांचा एकेरी थर, आत लाकडी सांगाडा आणि त्यावर प्लास्टरचे पातळ फळे. व्हिक्टोरियात नव्या घरांच्या भिंती-छतांत उष्णतारोधक थर घालणे १९९१ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या अनेक घरांत तो नाही, किंवा आहे तो अपुरा आहे. खिडक्यांना एकच काच. भाचीच्या भाड्याच्या घरात मी पहिल्या आठवड्यात कानटोपी घालून झोपत असे. सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ येत आणि कपाटामागे काळसर बुरशीची नक्षी उमटे.

जागतिक आरोग्य संघटनेने हिवाळ्यात घरातील तापमान किमान १८ अंश असावे, असे सुचवले आहे. त्याखाली रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावरचा ताण वाढतो. दमेकऱ्यांना ओल आणि बुरशी दोन्ही वैरी. म्हणून तिथे घर पाहताना स्वयंपाकघरातील दगडी ओट्याकडे पाहण्याआधी छतात उष्णतारोधक थर आहे का, उत्तरेकडून ऊन येते का, हे पाहावे. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून कलतो, त्यामुळे आपल्या सवयीची दिशागणना तिथे उलटी करावी लागते. भाडेकरूंसाठी २०२१ पासून राज्याने किमान मानके लागू केली आहेत. मुख्य खोलीत कायम बसवलेला हीटर असलाच पाहिजे आणि इमारतीच्या दोषामुळे आलेली ओल व बुरशी घरमालकाने हटवली पाहिजे. गॅसचा हीटर असेल तर दर दोन वर्षांनी त्याची तपासणी करून घेणे मालकावर बंधनकारक आहे. ही तपासणी झाली आहे का, ते निःसंकोच विचारावे. बिघडलेल्या हीटरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर पडताच बरे वाटले, तर शंका घ्यावी.

इथे आणखी एक ऋतुधर्म सांगितला पाहिजे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला गवताच्या परागकणांचा काळ. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नवर आलेल्या वादळाने रायग्रास गवताचे परागकण फोडून त्यांचे सूक्ष्म कण हवेत पसरवले. हजारो लोकांना एकाएकी दम लागला आणि दहा जण दगावले. बाधितांत आशियाई, विशेषतः भारतीय उपखंडातून आलेल्यांचे प्रमाण लक्षणीय होते. पूर्वी कधी दमा नसलेल्या, केवळ शिंकांचा त्रास असलेल्या माणसांनाही तो झटका आला. तेव्हा नव्या देशात गेल्यावर दोन-तीन वर्षांनी वसंतात नाक-डोळे वाहू लागले, तर 'हवा मानवत नाही' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे, गरज असल्यास इन्हेलर जवळ बाळगावा आणि वादळाच्या इशाऱ्याच्या दिवशी दारे-खिडक्या लावून घरात राहावे.

उपनगराच्या जमेच्या बाजूही प्रामाणिकपणे मांडल्या पाहिजेत. हवा स्वच्छ, पदपथ सलग, सार्वजनिक वाचनालय चालत जाण्याच्या अंतरावर. जवळच शंभर हेक्टरांहून मोठे जेल्स पार्क आहे. तिथे दर शनिवारी सकाळी आठ वाजता पाच किलोमीटर चालण्या-पळण्याचा पार्करन हा विनाशुल्क उपक्रम होतो. भाचीच्या आग्रहाने मीही एका शनिवारी गेले. धुके, तळ्यातली बदके, सत्तरीतले पेन्शनर, ढकलगाडी रेटत पळणारे तरुण वडील आणि माझ्यासारखे निव्वळ चालणारे, अशी सारी एकाच वाटेवर. त्याच सकाळी अवघ्या दोन-तीन तासांनंतर उपनगरात लिलाव सुरू होतात. एकाच शनिवारी हे गाव माणसाचा रक्तदाब उतरवते आणि चढवतेही.

हे चित्र पालटतेही आहे. जुने बैठे घर पाडून उभारलेली दुमजली वास्तू जमिनीच्या कडेपर्यंत पोहोचते. परसदार आणि त्यातले लिंबाचे झाड जाते. रेल्वे स्थानकाभोवती आणि बाजार संकुलाच्या माथ्यावर सदनिकांचे मनोरे उभे राहिले आहेत. चेल्टनहॅमपासून बॉक्स हिलपर्यंतचा नवा भुयारी रेल्वेमार्ग ग्लेन वेव्हर्लीतून जाणार असून तो २०३५ मध्ये सुरू व्हायचा आहे. साहजिकच तिथे आणखी उंच इमारती येतील. काही जुने रहिवासी यामुळे हळहळतात. मला मात्र वाटते, की स्टेशनापाशी, लिफ्ट असलेल्या, नीट ऊबदार अशा सदनिकेत राहणारी आजी ही दूरच्या मोठ्या घरात मोटारीवाचून अडकलेल्या आजीपेक्षा सुखी असू शकते. घराचे क्षेत्रफळ आणि घराचे सौख्य यांचे गणित सरळ नसते.

आजीचा उल्लेख आला, तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. इथला फ्लॅट विकून मुलाला मदत करावी का?

या निर्णयाच्या पोटात बहुधा एक न बोललेली समजूत असते. आपण पैसा घालू, नातवंडे सांभाळू आणि मग तिथेच राहू. ही समजूत कागदावर तपासून घ्यावी. ऑस्ट्रेलियात आई-वडिलांना कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळणे फार कठीण आहे. जो लवकर मिळतो म्हणतात, त्याचेही शुल्क दर माणशी चाळीस हजार डॉलरहून अधिक आहे आणि रांग अनेक वर्षांची. कमी शुल्काच्या परवान्याची रांग तर दशकांत मोजावी लागते. तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता परवाना आहे, पण त्यावर एकूण दहा वर्षांहून अधिक काळ राहता येत नाही. म्हणजे वयाच्या सत्तरीत, जेव्हा डॉक्टर, मोलकरीण आणि शेजारी सर्वांत गरजेचे असतात, तेव्हा परत यावे लागण्याची शक्यता खरी आहे. तेव्हा परतायला घर असले पाहिजे.

दुसरी गोष्ट औषधपाण्याची. ब्रिटन, इटली अशा मोजक्या देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार आहे. भारताशी नाही. त्यामुळे भेटीवर गेलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर लागू नसते आणि रुग्णालयाचे बिल पूर्ण भरावे लागते. रुग्णवाहिकेचेही पैसे पडतात. आधीपासूनचे मधुमेह, हृदयविकार यांसह संरक्षण देणारा विमा काढल्याशिवाय विमानात बसू नये. औषधे तीन महिन्यांच्या मर्यादेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टनात न्यावीत.

तिसरी गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही. आठ कोटींचे घर घेणाऱ्या जोडप्याला दोघांचे पगार लागतात, आणि दोघे कामावर जायचे तर मूल कोणीतरी सांभाळावे लागते. पाळणाघर महाग. म्हणून त्या घराचा एक हप्ता आजी भरत असते, तो गुडघ्यांनी. दहा किलोच्या नातवाला कडेवर घेऊन जिना चढणे, भर थंडीत त्याला शाळेत सोडणे, चारचौघांचा स्वयंपाक. नातवंडांचा सहवास हे मोठे औषध आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु जिथे भाषा परकी, मोटार चालवता येत नाही, दिवसभर घरात दुसरे मोठे माणूस नाही, तिथे हे औषध प्रमाणाबाहेर गेले की एकटेपणा आणि उदासी सुरू होते. परत आलेल्या कित्येक आजींनी माझ्यासमोर खुर्चीत बसून पहिले वाक्य गुडघ्यांविषयी आणि दुसरे रडत रडत उच्चारले आहे.

तेव्हा मी विचारणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. पहिली, राहते घर विकू नये. मदत करायचीच असेल तर ज्यावाचून आपले म्हातारपण आणि दोघांचे आजारपण निभेल, एवढ्याच बचतीतून करावी. ती देणगी आहे की उसनी रक्कम, हे मुलगा आणि सून दोघांसमक्ष लिहून ठेवावे. सुनेच्या आई-वडिलांनी काय दिले, याच्याशी तुलना करू नये.

दुसरी, मुलांनी व्याज आणखी दोन टक्क्यांनी वाढले आहे असे धरून सहा महिने तेवढी रक्कम बाजूला टाकून पाहावी. त्या सहा महिन्यांत झोप, चिडचिड, आठवडाअखेरीचे मद्य आणि आपसांतले बोलणे यांत काय फरक पडतो, ते बघावे. कर्ज पेलवते की नाही, हे बँकेच्या अधिकाऱ्याआधी शरीर सांगते.

तिसरी, भाड्याने राहण्यात कमीपणा मानू नये. शाळेच्या क्षेत्राचा नियम राहण्याच्या पत्त्याशी जोडलेला आहे, मालकीशी नव्हे. मुलांची शालेय वर्षे त्या क्षेत्रात भाड्याने काढून पुढे परवडेल तिथे घर घेणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. तात्पुरत्या परवान्यावर असलेल्यांपुढे तर सध्या बव्हंशी हाच मार्ग आहे, कारण १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परदेशी व्यक्तींना तिथली जुनी, म्हणजे आधी बांधलेली घरे घेण्यास सामान्यतः बंदी आहे.

चौथी, आजी-आजोबा गेलेच तर त्यांच्या आठवड्याची आखणी आधी करावी. दोन दिवस पूर्ण सुट्टी, वाचनालयातील एखादा वर्ग, बसचे कार्ड आणि ती चालवण्याचा सराव, तळमजल्यावरची खोली, रात्रभर १८ अंश राखणारा हीटर. आणि आणीबाणीत फिरवायचा तीन शून्यांचा क्रमांक मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटवलेला.

ज्या गृहस्थांच्या प्रश्नाने या लेखाला निमित्त दिले, त्यांनी अद्याप काही ठरवलेले नाही. मुलाने पुढच्या महिन्यात व्हिडिओवर दोघांसह सूनबाईलाही बसवून सर्व आकडे मांडायचे, एवढे मात्र ठरले आहे. माझ्या सांगण्यावरून ते बोलणे सकाळच्या वेळी ठेवले आहे. रात्री जेवणानंतर पैशांचा विषय काढू नये, हे पथ्य भारतात आणि ऑस्ट्रेलियात सारखेच लागू पडते.